दोराचं बाहेरचं टोक

माझा मित्र गेला त्याला वर्ष होऊन गेलं. मी सावकाश लिहितो, त्यामुळे एवढ्या दिवसांत एवढंच झालं आहे. शिवाय त्याच्याबद्दल लिहायला बसलो की दरवेळी मध्येच दुसरा एक माणूस येऊन बसतो. तो जिवंत आहे, आमच्या माधवनगरातच राहतो, भाजी घेताना भेटतो आणि मला 'सर' म्हणतो. मी त्याला मनात 'नवा' म्हणतो. उज्जैनला येऊन त्याला इतकी वर्षं झाली की त्याची मुलं इथली हिंदी बोलतात, पण माझ्यासाठी तो नवाच राहिला.

म्हणून आधी नव्याच्या आधीचं सांगतो.

मित्राचं घराणं उज्जैनचं जुनं. दरबारी कारकुनांबरोबर जे मराठी लोक माळव्यात आले आणि राहून गेले, त्यांच्यातलं. आम्ही मागाहून आलेले. वडील रेल्वेत होते म्हणून. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो आणि पुढे तो बँकेत लागला, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. तो बोलायचा, मी ऐकायचो. दोघांचं बरं चाललं होतं.

बँकेला शनिवारी अर्धा दिवस असायचा. महिन्यातून एखाद्या शनिवारी दुपारी आम्ही देवास गेटला इंदूरची बस पकडायचो, रात्री त्याच्या मावशीकडे मुक्काम करायचो आणि रविवारी सकाळी महूहून छोट्या लाइनची, मीटरगेजची गाडी. ती गाडी घाट उतरायला लागली की तो दारात जाऊन उभा राहायचा. कालाकुंडला उतरायचं, पानाच्या द्रोणात कलाकंद घ्यायचा आणि तो खात खात नदीच्या कडेने चालायला लागायचं. साऱ्या देशातून लोक दर्शनाला उज्जैनला येतात आणि आम्ही रविवारी तिथून निघून जायचो, हे कोणाला पटत नसे. पाठीवरच्या पिशव्या बघून कंडक्टर विचारायचा, "ओंकारेश्वर?" आम्ही हो म्हणायचो. डोंगर चढायला आणि एका भोकात शिरायला चाललोय हे त्याला कसं सांगणार?

ते भोक म्हणजे आमची गुफा. डोंगराच्या खांद्यावर, एका उंबराखाली, काळ्या कातळात. तोंडाशी शेंदूर फासलेला दगड. खालच्या पाड्यातले लोक म्हणायचे की ती थेट काशीला निघते. माळव्यातली प्रत्येक गुफा एक तर काशीला निघते, नाहीतर ओंकारेश्वरला. मित्र दगडाला हात जोडायचा आणि म्हणायचा, "आई, काशी नको, संध्याकाळच्या गाडीपर्यंत बाहेर निघू दे." मग आम्ही विहिरीचा जुना सुती दोर उंबराच्या मुळाला बांधायचो, दुसरं टोक त्याच्या कमरेला, आणि आत जायचो. पुढे तो, मागे मी.

आत शिरल्यावर थोडं वाकून, मग गुडघ्यांवर, मग पोटावर. बोललेलं आत नीट कळत नाही, आवाज घुमतो. म्हणून त्याने टाचेची भाषा काढली होती. माझा हात त्याच्या टाचेजवळ असायचा. टाच एकदा आपटली की थांब. दोनदा आपटली की ये. आमची सारी मैत्री त्या टाचेएवढी होती असं म्हटलं तर कोणी हसेल, पण मी दुसरीकडे कुठेही इतका निर्धास्त नसायचो.

दोराचा नियमही त्याचाच. दोर कोणाला ओढायला नाही, बाहेर कुठेतरी तो बांधलेला आहे हे आत समजायला आहे. तो नेहमी किंचित सैल राहिला पाहिजे.

बरंच आत गेल्यावर एक फट येते. आडवी, माणूस कूस बदलून कसाबसा जाईल एवढी. तिच्यापलीकडून गार हवा येते, म्हणजे पलीकडे जागा आहे. पहिल्यांदा आम्ही तिथवर पोचलो तेव्हा बॅटरी मंद झाली होती. परतताना मित्राने फटीपर्यंत किती दोर लागला ते मोजलं आणि दोरावर, पुढच्या वेळी तो फटीशी असेल तेव्हा गुफेच्या तोंडाशी येईल अशी, खूण म्हणून माझ्याकडची एक चिंधी बांधली. भेरूगढच्या ठशांच्या छापाची, लाल. आईच्या जुन्या चादरीची. मी ती घाम पुसायला ठेवायचो. बाहेर येऊन उंबराखाली बसल्यावर तो म्हणाला, "पलीकडे अपण दोघंच जायचं. एकदम. पक्का?"

"पक्का," मी म्हणालो.

त्या दिवाळीनंतर मी पडलो. डोंगरावर नाही, गुफेत नाही. देवास गेटला चालत्या बसमधून उतरलो, पाय खड्ड्यात गेला आणि गुडघा फिरला. लिगामेंट तुटलं होतं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं, "डोंगर विसरा. पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात बघू."

मित्र हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "भिया, तू कमाल आहेस! काशीपर्यंत जाणारा माणूस, आणि देवास गेटला पडला!"

त्याच आठवड्यात तो नव्याला घेऊन आला. मित्राच्या घराची वरची खोली भाड्याने दिली होती. देवासला नवीन कारखाने येत होते, त्यातल्या एका कंपनीत हा नाशिकचा मुलगा इंजिनिअर म्हणून लागला होता. पायात परदेशी वाटणारे पांढरे बूट, कमरेला पट्ट्यात अडकवलेलं छोटं रेडिओसारखं काहीतरी, त्यातून वायर कानात. त्या दिवसांत असे मुलगे उज्जैनमध्ये दिसायला लागले होते. केबल आली, थंड पेयांचे नवे फलक आले, तसेच हेही आले.

"याने अख्खा सह्याद्री पालथा घातलाय," मित्र म्हणाला. त्याच्या आवाजात असा उत्साह मी फक्त गाडी घाट उतरताना ऐकला होता. "दोर लावून कडे उतरतो हा. सांग रे याला ते कड्याचं."

"नमस्कार सर," नवा म्हणाला. मग त्याने माझी पुस्तकं पाहिली. "बाप रे. किती वाचता तुम्ही!"

"पाय मोडल्यावर दुसरं काय करणार बिचारा," मित्र म्हणाला.

पाय मोडायच्या आधीही मी वाचत होतो.

नव्याने कड्याचं सांगितलं. तो सांगायचा छान, हे मान्य केलं पाहिजे. मग आमच्या गुफेचा विषय निघाला. तो म्हणाला, "तुम्ही लोक गुफा म्हणता? आमच्याकडे गुहा म्हणतात."

"गुहा म्हणशील तर ती तुला आत घेणार नाही," मित्र म्हणाला. "गुफाच म्हण."

पुढच्या खेपेला नवा गुफा म्हणायला लागला होता. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मित्र मधूनच गुहा म्हणायला लागला, ते मात्र टोचलं. पहिल्या दिवशी नवा त्याला 'तुम्ही' म्हणत होता. प्लास्टर निघेपर्यंत 'तू' झालं होतं. मी 'सर' होतो तो 'सर'च राहिलो, जरी मित्र आणि मी एकाच वर्षी जन्मलो होतो.

मित्राची बायको मला भाऊजी म्हणते. एकदा सोबत साबुदाण्याची खिचडी घेऊन ती भेटायला आली. मी विचारलं, "या रविवारी ते दोघं कुठे गेलेत?" तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"भाऊजी, इतकी वर्षं तुम्ही माझी सवत होतात. आता तुम्हाला सवत आली. घ्या!"

"छे हो वहिनी. त्याला सोबत मिळाली हे चांगलंच झालं."

"हो ना, दिसतंय तोंडावर किती चांगलं झालंय ते. खिचडी खा, गार होतेय."

ती गेल्यावर खिचडी मी खाल्ली, पण त्या वाक्यासकट. तोवर मी स्वतःला समजावत होतो की मला पायाचं दुःख आहे. बाहेर जाता येत नाही याचं दुःख आहे. तिने त्याला नाव दिल्यावर लपवायला जागा उरली नाही. रविवार आला की मी सकाळपासून घड्याळ बघायचो. आता महू. आता घाट. आता कलाकंद. आता उंबर. आणि मग पुढे मला दिसायची ती टाच, आणि तिच्यामागे दुसऱ्या कोणाचा तरी हात.

आईला वाटायचं गुडघा दुखतोय. ती तेल गरम करून आणायची.

एकदा सोमवारी संध्याकाळी दोघं माझ्याकडे बसले होते, चहा पीत, घाटातल्या कुठल्याशा धबधब्याच्या गप्पा मारत. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून मी बशीतल्या शेवेकडे बघत होतो. निघायची वेळ झाली. मित्राने बोलता बोलता जमिनीवर टाच दोनदा आपटली, आणि नवा उठून उभा राहिला. दोघं हसले. त्यांना वाटलं गंमत झाली.

त्याने त्याला टाच शिकवली होती.

आत जायचं तर शिकवावीच लागणार, हे मला कळत होतं. अंधारात मागच्या माणसाला सांगणार कसं? पण कळून काही उपयोग होत नाही. मी त्या दिवशी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो नाही. कुबड्या हाताशी असून गेलो नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मला काठीवर चालता यायला लागलं, तेव्हा मित्र म्हणाला, "चल. वरपर्यंत आम्ही नेतो तुला. गुफेच्या तोंडाशी बस. दोर धर."

"दोराला उंबर आहे की."

"उंबर काय बोलतो? तू चल."

मी गेलो. घरी बसून घड्याळ बघण्यापेक्षा ते बरं वाटलं, म्हणजे निघताना वाटलं. नेहमी आम्ही तासाभरात चढायचो तो डोंगर चढायला त्या दिवशी अर्धी सकाळ गेली. चढावर एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला नवा, मध्ये मी. नवा न सांगता माझी पिशवी घ्यायचा, जिथे दगड सुटा असेल तिथे आधी स्वतः पाय ठेवून बघायचा. "सावकाश सर, इथे धरा." त्याच्यात वाईट काही सापडत नव्हतं आणि त्यानेच मला जास्त त्रास व्हायचा. माणूस जरा तरी उर्मट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

नव्याने नायलॉनचा नारिंगी दोर आणला होता, चकचकीत, हलका. मित्राने तो हातात घेऊन बघितला, वास घेतला आणि परत दिला. "यातून हाताला कळत नाही रे काही." त्या एका वाक्यावर मी पुढचे काही आठवडे काढले. आमचाच सुती दोर त्याने कमरेला बांधला, उरलेलं भेंडोळं माझ्या मांडीवर ठेवलं, आणि दगडाला हात जोडून आत शिरला. त्याच्या मागे पांढरे बूट आत गेले.

मी उंबराला टेकून पाय लांब करून बसलो. दोर बोटांतून हळूहळू आत जात होता. सुरुवातीला मला फक्त राग येत होता. आतून हसण्याचा आवाज आला की बोटं आवळली जायची. पण दोर हातात घेऊन बसलं की थोड्या वेळाने तो बोलायला लागतो. मित्र वाकला की दोर असा जातो. पोटावर आला की असा, थांबत थांबत. थांबला तर मला कळायचं की आता तो डाव्या बाजूचा कोरडा दगड हाताने चाचपतोय, तिथे तो नेहमी थांबायचा. मी ओढत नव्हतो, सोडतही नव्हतो. जेवढा तो मागेल तेवढा द्यायचो. तशी मला सवय होती. ग्रंथालयात दुसरं काय करतो माणूस?

असे काही रविवार गेले. जाताना गाडीत ते दोघं दारात उभे राहायचे आणि मी खिडकीशी पुस्तक उघडून बसायचो. एकही पान उलटत नव्हतं.

फेब्रुवारी असेल. पळस फुटायला लागला होता. त्या दिवशी दोर जात जात चिंधीपाशी आला. लाल चिंधी माझ्या बोटांत आली आणि थांबली. म्हणजे मित्र फटीपाशी आहे. दरवेळी ते तिथून परत फिरायचे. मी वाट बघत होतो की दोर सैल होईल.

दोर सैल झाला नाही. चिंधीने माझ्या अंगठ्याला एकदा हिसका दिला, मग बोटांखालून सरकली, कातळाच्या कडेवरून गेली आणि अंधारात दिसेनाशी झाली.

तिच्यामागून दोर जात राहिला. मी देत राहिलो. द्यावा लागतोच. माझ्या आयुष्यात मला इतकी घट्ट मूठ आवळावीशी कधी वाटली नसेल. बाहेर ऊन होतं, खालून नदीचा आवाज येत होता, आणि तिकडे आत, अपण दोघंच म्हणून जी जागा ठेवली होती, तिच्यात तो दुसऱ्याला घेऊन गेला होता.

बाहेर आले तेव्हा दोघंही चिखलाने माखलेले. नव्याच्या बुटांचा रंग ओळखू येत नव्हता.

"काय आहे?" मी विचारलं.

मित्राने माझ्याकडे पाहिलं नाही. कमरेची गाठ सोडत म्हणाला, "काही नाही रे. एक खोली आहे. बसता येतं. तू बरा हो, मग स्वतः बघ."

नव्याला राहवलं नाही. परतीच्या गाडीत त्याने सगळं सांगितलं. छत उंच आहे सर, उभं राहता येतं. एका भिंतीवरून पाणी उतरतं, त्याचा आवाज बारीक घुंगरांसारखा. खाली वाळू आहे, अगदी स्वच्छ. मित्र दारात उभा होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. मी म्हणालो, "वा."

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, जा. मी मित्राला सांगितलं, "या रविवारी मी आत येणार." तो म्हणाला, "ये की." मग थोडं थांबून म्हणाला, "दोर मग हा धरेल."

नवा खुशीने तयार झाला. तो उंबराखाली पाय रोवून बसला, दोर एका खांद्यावरून पाठीमागे घेतला, दोन्ही हातांनी धरला. त्याच्याकडे कड्यांवर असाच धरतात. तिथे खाली पडणाऱ्या माणसाला पेलायचं असतं, म्हणून दोर ताणलेलाच ठेवायचा असतो. कोणी त्याला सांगितलं नाही की इथे कोणी पडत नसतं. मित्राने कधी सांगितलंच नाही, कारण त्याने तोवर नव्याच्या हातात दोर दिलाच नव्हता.

आम्ही आत गेलो. पुढे तो, मागे मी. माझा हात त्याच्या टाचेशी होता. गुडघा जरा कुरकुरत होता, पण मला त्याचं काही नव्हतं. मी इतका खुश होतो की अंधारात एकटाच हसत होतो.

पण मित्र नेहमीसारखा जात नव्हता. दोर सारखा ताणला जायचा, मग एकदम सैल पडायचा, मग पुन्हा ताण. बाहेरून नवा बहुधा विचारत होता, सगळं ठीक ना? डाव्या बाजूच्या कोरड्या दगडापाशी मित्र थांबला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, मोठा, भरभर. टाच एकदा आपटली. थांब.

मी थांबलो. बराच वेळ थांबलो.

"चल, मागे फिर," तो म्हणाला.

"का? माझा गुडघा ठीक आहे."

"गुडघ्याचं नाही. फिर."

"अरे, फट तर इथेच..."

"फिर म्हणतो ना."

असं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. आम्ही उलटे सरकत बाहेर आलो. उन्हात त्याचा चेहरा पांढरा दिसत होता. नवा धावत पुढे आला, "काय झालं? काय झालं?" मित्र म्हणाला, "काही नाही. आज नको." मग गाडीत, खिडकीबाहेर बघत, मला म्हणाला, "पुढच्या वेळी तू बाहेरच बस. दोर तूच धर."

मी बरं म्हणालो. मला अर्थ स्पष्ट होता. मागे त्याला पांढरे बूट लागतात. मी लंगडा, सावकाश, पुस्तकी; माझ्यामुळे त्याचा जीव घाबरतो. मी भांडलो नाही. भांडता येत असतं तर फार गोष्टी झाल्या असत्या. पुढे कितीतरी वर्षं मी उंबराखाली बसलो. कोणी विचारलं तर सांगायचो, गुडघा. मित्रानेही कधी दुसरं कारण सांगितलं नाही. दर हिवाळ्यात चिंधी माझ्या बोटांतून जायची आणि परत यायची, दरवेळी थोडी जास्त विरलेली.

मग मित्राची बदली झाली, परत आला, मुलं मोठी झाली, साखर निघाली, हृदयाचं निघालं. छोटी लाइनही बंद झाली. शेवटची काही वर्षं आम्ही तिघं संध्याकाळी माधवनगरात एका चक्कीच्या ओट्यावर बसायचो, तेवढंच. तिथेही मित्र मध्ये बसायचा.

तो गेला तेव्हा चक्रतीर्थावर नेताना पुढचे दोन खांदे आमचे होते. नवा माझ्यापेक्षा बराच उंच आहे. तिरडी सारखी माझ्या बाजूला कलत होती, आणि रस्ताभर माझ्या मनात येत होतं की बघ, वजन माझ्याकडे जास्त आहे. माणूस काय विचार करतो, आणि कधी करतो.

तेरावं झाल्यावर वहिनी आवराआवर करत होत्या. माळ्यावरून दोराचं भेंडोळं खाली आलं. त्यांनी ते हातात धरून विचारलं, "हे कोणाला देऊ?"

"सरांना द्या," नवा एकदम म्हणाला. "दुसऱ्या कोणाकडे जाणार?"

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. ते मी लगेच ओळखलं, कारण ते माझ्या घरचं होतं.

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. मी दोर कुशीत घेऊन उभा होतो. तो म्हणाला, "सर, तुम्हाला तो दिवस आठवतो? मी दोर धरला होता, आणि तुम्ही दोघं अर्ध्यातून परत आलात."

"आठवतो."

"दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर येऊन त्याने मला फैलावर घेतलं. म्हणे, तू बाहेर होतास तर मला आत श्वास येईना. सारखा ओढत होतास. मी म्हटलं, शिकव मला. तर म्हणाला, शिकवून येत नाही ते. म्हणाला, दोर त्याच्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, असला की आत बॅटरी विझली तरी मला काही वाटत नाही. तो बाहेर बसायला लागला तेव्हाच मी त्या फटीतून जाऊ शकलो. आधी माझी छाती होत नव्हती." नवा माझ्या कुशीतल्या दोराकडे बघत होता. "मी नंतर दोनदा मागितला सर. दोर. मला वाटायचं, एकदा तरी द्यावा. नाहीच दिला."

मला काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे, पण ते लिहिण्यासाठीच बसलो आहे. पहिल्यांदा आनंद झाला. असा की पायरीवरून नीट उतरता येईना. आणि माझ्या घराच्या दारातून आत पाऊल टाकायच्या आत दुसरं आलं: मित्रा, हे तू त्याला सांगितलंस. माझ्याबद्दलचं, माझं, इतक्या वर्षांत मला एकदाही नाही, आणि त्याला दुसऱ्याच दिवशी. ते मला मिळालं तेही याच्या हातून. या माणसाच्या हातून न आलेलं असं माझ्यापाशी तुझं काही आहे का?

पण दोर माझ्याकडे होता. मी तो घरी आणला आणि पुस्तकांच्या कपाटावर ठेवला.

या हिवाळ्यात नवा म्हणाला, "सर, एकदा जाऊन येऊ. त्याच्यासाठी." त्याची गाडी आहे आता. आम्ही घाटापर्यंत गेलो आणि डोंगर चढलो. सावकाश, पण चढलो. मला काठी लागली नाही. उंबर होता. दगडावर ताजा शेंदूर होता. नव्याने दोर कमरेला बांधला, हात जोडले आणि म्हणाला, "आई, काशी नको." पुढचं न म्हणताच तो वाकला.

तो आत गेला. मी टेकून बसलो. दोर जायला लागला. नव्याचं जाणं वेगळं आहे, धसमुसळं. कोरड्या दगडापाशी तो थांबत नाही. मी देत गेलो. चिंधी आली. आता तिच्यावरचा छाप ओळखू येत नाही. ती माझ्या बोटांत आली आणि थांबली. थोडी पुढे झाली, परत मागे. पुन्हा पुढे. मग दोर सैल पडला.

तो बाहेर आला तेव्हा धापा टाकत होता. पोटावरून हात फिरवत म्हणाला, "हे आडवं आलं. नाही जमत आता." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बारीक अंगाकडे. "तुम्ही जाल सर. तुम्ही आरामात जाल. तुम्ही ती खोली पाहिलेलीच नाही. जा, मी दोर धरतो. ओढणार नाही. शपथ, अजिबात ओढणार नाही." आणि त्याने हात पुढे केला.

वर्षानुवर्षं मला ती खोली हवी होती. उंच छत, वाळू, भिंतीवरून उतरणारं पाणी. तो हात माझ्यासमोर होता, चिखलाने माखलेला, आणि त्याला काय हवं होतं ते मला अगदी नीट कळत होतं.

"गुडघा," मी म्हणालो.

नव्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मला डोंगर चढताना त्याने मागून पाहिलं होतं. हात मागे घेऊन त्याने पॅंटला पुसला आणि उंबराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

मी दोर गुंडाळायला घेतला. टोकापासून सुरुवात केली, सावकाश, एकेक वेढा, आणि चिंधी वर राहील अशी ठेवली.